क्रॅव्हॅटच्या आड

तुमच्या कंपनीतली माणसं परवा येऊन गेली. गृहपत्रिकेच्या येत्या अंकात तुमचा फोटो छापायचा आहे, वहिनी, दोन शब्द लिहून द्या, म्हणाली. तुम्ही कधी लागलात, कुठल्या खात्यात होतात, हे सगळं त्यांच्याकडे आहेच. मला जे लिहावंसं वाटतं ते गृहपत्रिकेत बसणारं नाही, आणि तुमच्याखेरीज ते कुणाला सांगावं हेही सुचत नाही. म्हणून तुमच्याशीच बोलते. गेली दोन वर्षं या घरात मी एकटीच मोठ्यानं बोलत होते आणि तुम्ही ऐकत होतात. तेव्हा सवय आहे.

चिंचवड गावठाणातल्या आमच्या घरी तुम्ही मला बघायला आलात, तेव्हा तुमच्या गळ्यात मरून रंगाचा, पांढऱ्या बारीक ठिपक्यांचा क्रॅव्हॅट होता. उघड्या कॉलरच्या आत गुंडाळलेला, शर्टात खोचलेला. पिंपरीकडे तेव्हा एकामागून एक कारखाने उभे राहत होते आणि कंपनीतला मुलगा म्हणजे चांगलं स्थळ. पण आमचे नाना खादीचा सदरा घालणारे शाळामास्तर. त्यांनी बराच वेळ तुमच्या गळ्याकडे पाहिलं आणि काळजीनं विचारलं, "घसा धरलाय का तुमचा? काढा करायला सांगू?"

"घसा उत्तम आहे माझा!" तुम्ही म्हणालात. इतक्या मोठ्यानं, की आत माझी मावशी फस्सकन हसली. मशीन शॉपमध्ये दिवसभर ओरडून बोलायची सवय. तुमचा चेहरा मी नंतर पाहिला. आधी ऐकला तो आवाज.

लग्नानंतर कळलं, की नानांच्या आधी हाच प्रश्न तुमच्या आईनंही विचारला होता. तुम्ही सुट्टीत जुन्नरकडे गावी गेलात, एसटीतून उतरलात, आणि आत्याबाईंनी तुमचा गळा बघून लगेच ओवा भाजायला घेतला. "घसा दुखतुया व्हय रं? फडकं बांधलंय त्ये?" तुम्ही ही गोष्ट नक्कल करून सांगायचात आणि दर वेळी नव्यानं हसायचात.

तो मरून क्रॅव्हॅट तुम्हाला त्या म्हाताऱ्या परदेशी इंजिनिअरनं दिला होता, जो पहिली मशीनं बसवायला आला होता. तुम्ही त्याच्या हाताखाली होतात. भाषा धड येत नव्हती, खुणांनी काम शिकलात. जाताना त्यानं स्वतःच्या गळ्यातला काढून तुमच्या गळ्यात बांधला, आणि तोंड धुवायच्या नळावर आरसा होता तिथं उभं करून गाठ कशी घ्यायची ते दोनदा दाखवलं. "आमच्या गावात नवरदेवाशिवाय कुणाच्या गळ्यात कुणी काही घातलेलं मी पाहिलं नव्हतं," असं तुम्ही म्हणायचात. मला ते तेव्हा फक्त विनोदी वाटलं.

मला क्रॅव्हॅट आवडत नव्हता, हे तुम्हाला ठाऊक होतं. मी म्हणायची, शेतकऱ्याचा मुलगा, हाताखालून वर आलेला सुपरवायझर, आणि हा कसला साहेबी नखरा? तुम्ही म्हणायचात, "साहेबाचा कसला? कापड कुणाच्याही गळ्यात बसतं, सुमन. कापडाला काय कळतंय?" हा वाद आपण कधी संपवला नाही. दर रविवारी कॅम्पात फिरायला निघताना तो पुन्हा सुरू व्हायचा आणि लोकल पुण्याला पोचेपर्यंत चालायचा. मग तुम्ही माझ्यासाठी गजरा घ्यायचात. गजरेवालीसुद्धा तुमच्या गळ्याकडे बघायची.

तेव्हा निदान चार माणसं तरी तसं घालायची. सिनेमातले नायक घालायचे, कंपनीतले दोन-तीन तरुण इंजिनिअर घालायचे, क्लबच्या कार्यक्रमाला ब्लेझर आणि क्रॅव्हॅट म्हणजे थाट. मग सफारी आले, मोठमोठ्या कॉलरी आल्या, गळे उघडे पडले. एकेकानं क्रॅव्हॅट टाकून दिले. तुम्ही टाकले नाहीत. माझ्या जरीच्या फाटलेल्या हिरव्या साडीचा एक शिवून घेतलात, कोयरीच्या नक्षीचा. आपल्या वसाहतीतली पोरं तुम्हाला क्रॅव्हॅटकाका म्हणायची आणि तुम्ही ओ द्यायचात, चौकात ऐकू जाईल अशी.

पण कामावर कधी नाही. गेटातून आत शिरताना तुम्ही तो सोडून खिशात ठेवायचात. मशीनवर गळ्यात काही असता कामा नये, हा नियम तुमच्या शॉपमध्ये तुम्हीच लावलेला. त्याचं कारण इस्माईलभाई. थंडीत मफलर गुंडाळून लेथवर वाकले होते, आणि मफलरचं टोक मशीनच्या फिरत्या जबड्यात, चकात गेलं. तुम्ही धावत जाऊन मशीन बंद केलंत, सुरी घेऊन मफलर कापलात. इस्माईलभाईंच्या गळ्याभोवती लाल वळ उठला होता. त्या दिवशी घरी आलात आणि जेवला नाहीत. "एक वेढा आणखी बसला असता तर," एवढंच म्हणालात. पुढं त्या नियमावरून शॉपमध्ये तुम्हाला पुष्कळांनी शिव्या दिल्या. इस्माईलभाई मात्र दर ईदेला शीरखुर्मा घेऊन यायचे आणि मला सांगायचे, "वहिनी, हा गळा साहेबांचा आहे."

मग तुमचा आवाज बसला. सर्दी असेल, म्हटलं. हळद, ज्येष्ठमध, मिठाच्या गुळण्या. पिंपरीच्या डॉक्टरांनी पुण्याला पाठवलं, पुण्याच्यांनी मुंबईला. मुंबईतले डॉक्टर तरुण होते, खुर्ची जवळ ओढून नीट सांगत होते. स्वरयंत्र काढावं लागेल. गळ्याला खालच्या अंगाला एक भोक राहील आणि श्वास कायमचा तिथूनच घ्यायचा. नाकातोंडाचा श्वासाशी संबंध उरणार नाही.

"आणि आवाज?" मी विचारलं.

"आवाज राहणार नाही."

तुम्ही घोगऱ्या आवाजात विचारलंत, "नाही काढलं तर?"

"मग तुम्ही राहणार नाही."

"म्हणजे दोन्हीकडून गप्पच," तुम्ही म्हणालात आणि हसलात. डॉक्टरही हसले. मला हसता आलं नाही. घरी येऊन तुम्ही म्हणालात, तू सांग काय करायचं ते. काय सांगणार होते मी? माणूस आणि त्याचा आवाज यातलं एक निवड, असं कुणी बायकोला विचारतं का?

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी तुम्ही मला कॉटवर जवळ बसवलंत. मला वाटलं, आता काही बोलाल. माझ्यासाठी काहीतरी. पंधरा वर्षांच्या संसारात आपल्याला मूल झालं नाही, त्याबद्दल आपण कधी बोललो नव्हतो, त्याबद्दल बोलाल असंही वाटलं. तुम्ही माझा हात धरलात आणि म्हणालात, "आईला कळता कामा नये. माझी शपथ आहे."

मी म्हटलं, "अहो, कसं शक्य आहे?"

"शकूला घटसर्प झाला होता. आईच्या मांडीवर गेली ती. घसा फुगला, श्वास मिळेना, आणि आई नुसती बघत बसली. माझ्या गळ्याला भोक बघितलं तर ती पुन्हा तिथं जाऊन बसेल, सुमन. मी तिला परत तिथं बसवणार नाही."

शकू म्हणजे तुमची धाकटी बहीण, हे मला माहीत होतं. ती कशानं गेली, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. शपथ घेतली. तुमच्या आवाजातलं शेवटचं मोठं वाक्य तुमच्या आईसाठी होतं. मला त्याचा राग आला होता. आता राग नाही. पण माझ्या वाट्याला एखादं वाक्य आलं असतं तर बरं झालं असतं, हे आजही वाटतं.

घरी आलात तेव्हा सगळं नव्यानं शिकावं लागलं. तुम्हाला शिंक आली की ती गळ्यातून यायची. आंघोळीच्या वेळी भोकात पाणी जाऊ नये म्हणून मी उभी राहायची. बाहेर निघालात की रस्त्यावरची धूळ सरळ आत. आणि लोक बघायचे. मंडईत एका बाईनं तुमच्याकडे बघून मुलाचे डोळे झाकले. त्या संध्याकाळी तुम्ही कपाटातून मरून क्रॅव्हॅट काढलात आणि आरशासमोर उभे राहिलात. गाठ नेमकी भोकावर येत होती. शेवटी मी बांधला. आयुष्यात पहिल्यांदा मी तुमचा क्रॅव्हॅट बांधला, तुम्ही ओठांनी सांगत होतात, असा, असा नाही, वरून घे.

रेशीम भोकाला चिकटायचं. मग नानांच्या जुन्या मऊ धोतराचे चौकोन कापून मी आतून अस्तर लावलं. श्वास घेतलात की कापड किंचित आत जायचं, सोडलात की बाहेर. बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. मी मात्र घरात कुठंही असले तरी त्या कापडाकडे बघायची.

कंपनीनं परत बोलावलं याचा तुम्हाला केवढा आनंद झाला होता! शॉपमध्ये गेलात, इस्माईलभाईंनी मिठी मारली, पोरांनी टाळ्या वाजवल्या. आणि सुरक्षेचं बघणारा नवा अधिकारी पुढं आला. वाईट माणूस नव्हता तो. इस्माईलभाईंनी नंतर मला सगळं सांगितलं.

"साहेब, माफ करा," तो म्हणाला, "पण मशीन शॉपमध्ये गळ्यात कापड चालत नाही."

"अरे भाऊ, तो काय शौक म्हणून घातलाय का?" इस्माईलभाई ओरडले. "काढला तर हा लोखंडाचा कीस सगळा छातीत जाईल त्यांच्या!"

"मला दिसतंय. पण मशीनला दिसत नाही ना. नियम यांचाच आहे."

इस्माईलभाई त्याच्या अंगावर जाणार होते. तुम्ही त्यांचा हात धरलात. भिंतीवर नियमांचा फलक होता, त्यातल्या त्या ओळीवर बोट ठेवलंत, मान डोलावलीत, आणि चालत बाहेर आलात. त्यानंतर तुम्हाला ड्रॉइंग ठेवायच्या खोलीत खुर्ची मिळाली. तिथं मशीन नव्हतं, धूळ नव्हती, माणूसही नव्हतं. "वहिनी, बरोबर कोण होतं, सांगा ना," इस्माईलभाई मला विचारत होते. "तो बरोबर, साहेब बरोबर, मग चुकलं कुठं?"

आत्याबाई आल्या त्या त्याच वर्षी. थोरल्या भाऊजींनी त्यांना एसटीत बसवून दिलं होतं, तांदळाचं गाठोडं देऊन. वर्षभर आपण गावी गेलो नव्हतो. कंपनीत फार काम आहे, असं मी कळवत होते. त्या दारात उभ्या राहिल्या तेव्हा तुम्ही हिरवा क्रॅव्हॅट बांधून बसला होतात. उठून पाया पडलात. मी ठरल्याप्रमाणे म्हटलं, "घसा बसलाय त्यांचा, आत्याबाई. डॉक्टरांनी बोलायला मनाई केलीय."

"आसं व्हय," त्या म्हणाल्या. पहिला दिवस त्यांनी समजून घेतलं. ओवा भाजून दिला. तुम्ही तो चावलात. दुसऱ्या दिवशी त्या तुमच्यासमोर बसून गावचं सगळं सांगत राहिल्या, विहीर, गाय, भाऊजींच्या मुलीचं लग्न. तुम्ही माना डोलावत होतात. काही बोलायला ओठ हलवलेत की त्या डोळे बारीक करून बघायच्या, आणि तुम्ही घाबरून ओठ मिटायचात. ओठ हलतात आणि आवाज येत नाही, हे त्यांना दिसू नये म्हणून. मी भिंतीला टेकून उभी होते. माझ्या जिभेवर शब्द होते आणि माझ्या डोक्यावर तुमची शपथ.

तिसऱ्या दिवशी त्यांचा धीर सुटला.

"आईशी बोलाया लाज वाटती व्हय रं तुला? यक शबुद न्हाई? गळ्यात सायबाचं फडकं बांधलं आन् तोंडाला कुलूप घातलंस?"

तुम्ही हसलात. साहेबाचं फडकं ऐकून तुम्हाला खरंच हसू आलं असणार, माझं भांडण त्यांच्या तोंडून ऐकून. पण तुमच्या हसण्याला आता आवाज नव्हता. नुसते खांदे हलले. त्यांना वाटलं, तुम्ही त्यांची टिंगल करताय.

"हास. हास की. मपलंच चुकलं, मीच आले." आणि त्यांनी गाठोड्याचं रिकामं फडकं झटकून घडी घातली.

स्टँडवर आपण दोघं त्यांना सोडायला गेलो. गाडी सुटेपर्यंत त्यांनी खिडकीतून आपल्याकडे पाहिलं नाही. गाडी गेली आणि तुम्ही तिथंच बाकावर बसलात. रडलात. त्यालाही आवाज नव्हता. फक्त क्रॅव्हॅटखालून शिट्टीसारखा वारा येत होता आणि शेजारचा माणूस सरकून बसला. मी म्हटलं, "मी सांगते त्यांना. आजच पुढच्या गाडीनं जाते." तुम्ही माझ्याकडे बघून मान हलवलीत. नाही. घरी आल्यावर पुन्हा म्हटलं, पुढच्या महिन्यात पुन्हा म्हटलं. बोलणं नको असलं की तुम्ही ओठ मिटून छताकडे बघायचात. "त्या तिकडे झुरतायत," मी म्हणायची. तुम्ही ओठांनी म्हणायचात, "रागावलीय. रागावलेली बरी." मुलगा साहेब झाला म्हणून रागावलेली आई बरी, की मुलाच्या गळ्यातलं भोक बघून तुटलेली आई बरी? तुम्ही ठरवलं होतंत. मला अजून ठरवता आलेलं नाही.

दुखणं परत आलं तेव्हा डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढली नाही. उभ्यानंच बोलले. पुण्याच्या इस्पितळात खिडकीजवळची कॉट मिळाली. शेवटच्या दिवशी सकाळी तुम्ही डोळे उघडलेत आणि बोलायला लागलात. ओठ सुकले होते, भेगा पडल्या होत्या. दोन वर्षांत तुमच्या ओठांवरचं सगळं मला वाचता यायला लागलं होतं, अंधुक उजेडात, पाठमोरे असलात तर आरशातसुद्धा. त्या सकाळी मला कळेना. लिहायला पेन्सिल दिली, ती तुम्हाला धरवेना. तुम्ही तेच पुन्हा पुन्हा म्हणत होतात. मी विचारत गेले. पाणी? नाही. कूस बदलू? नाही. आई? आईला बोलावू? इथं तुम्ही थांबलात, मग पुन्हा तेच ओठ. मी तोंडाजवळ वाकले, तुमच्या हनुवटीला हात लावला. "हळू म्हणा ना, एकदाच, हळू." तुम्ही हळू म्हणालात. नाही कळलं हो मला. तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत, जशी माझीच तुम्हाला दया आली. मग डोळे मिटलेत. दुपारी गेलात.

भाऊजी आत्याबाईंना जीप करून घेऊन आले. वसाहतीच्या मागच्या अंगाला माणसं तुम्हाला आंघोळ घालत होती. मी आधीच सांगून ठेवलं होतं, गळ्यातलं काढू नका. पण कुणी जुन्या माणसानं म्हटलं, शरीरावर काही ठेवायचं नसतं, आणि क्रॅव्हॅट सोडला. नेमक्या त्याच वेळी आत्याबाई पुढं आल्या. मी मध्ये जाण्याआधी त्यांनी पाहिलं.

"ह्ये काय? कुणी मारलं मपल्या लेकराला?" त्या किंचाळल्या. "कुणी भोसकलं?"

इस्माईलभाई पुढं झाले, त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. "अम्मा, कुणी मारलं नाही. आजार होता. आवाज काढून टाकला होता डॉक्टरांनी. दोन वर्षं झाली."

त्या किती वेळ तुमच्या गळ्याकडे बघत होत्या. मग त्यांनी पदराचं टोक त्या भोकावर ठेवलं आणि तळव्यानं दाबून धरलं, जसं काही अजून रक्त थांबवायचं आहे. मला म्हणाल्या नाहीत काही. म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता त्या इथंच आहेत. भाऊजी न्यायला आले होते, गेल्या नाहीत. मी आता शाळेत शिकवायला जाते; परत येते तेव्हा त्या खिडकीशी बसलेल्या असतात. शपथेचं मी सांगितलं, शकूचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. काल संध्याकाळी मी तांदूळ निवडत होते, तेव्हा त्या म्हणाल्या, "त्यो तुझ्याशी कसा बोलायचा?"

"ओठांनी, आत्याबाई. नुसते ओठ हलवायचे."

"दाव."

मी ताट खाली ठेवलं आणि आवाज न करता ओठ हलवले. जेवलीस का?

"जेवलीस का," त्या लगेच म्हणाल्या. माझ्याकडे बघत राहिल्या. "कळतंय की गं. मला कळलं आसतं."

मी ताट पुन्हा मांडीवर घेतलं. त्यांनी विचारलं, "शेवटाला काय म्हणला?"

"बोलत होते. पण मला नाही कळलं."

"ध्यानात हाय का, कसं म्हणला त्ये?"

ध्यानात आहे. डोळे मिटले की तेच दिसतं. मी मान डोलावली. त्यांनी माझी हनुवटी धरली आणि तोंड खिडकीकडे, उजेडाकडे वळवलं. डोळ्यांवरचा चष्मा पुसला. "दाव," त्या म्हणाल्या. "त्यानं केलं तसंच दाव."

मी प्रयत्न केला. खरंच केला. पण ओठ इतके थरथरत होते, की तुमचा शब्द त्यांच्यावर बसेना.